हिशेबाच्या वहीपासून शाळेपर्यंत : हानी मोतोको

घरखर्चाची वही ही कांहीं इतिहासांत नोंदली जाणारी वस्तु नव्हे. तेल, तांदूळ, दूध, धोबी, मुलांची फी असे आंकडे तींत रोजच्या रोज उतरतात. महिनाअखेर बेरीज जमली तर समाधान, न जमली तर कपाळाला आठी. आणि नवें वर्ष लागलें कीं जुनी वही माळ्यावर जाते. तथापि जपानमध्यें एका बाईंनीं अशाच वहीला छापील रूप दिलें, मासिकाच्या द्वारें ती घरोघरीं पोहोंचविली, आणि त्या मासिकाच्या वाचकांच्या विश्वासावर पुढें एक शाळा उभी केली. या बाईंचें नांव हानी मोतोको. जपानी रीतीप्रमाणें यांतील ‘हानी’ हें आडनांव आणि ‘मोतोको’ हें स्वतःचें नांव. मासिक चालवितां चालवितां शाळा काढणारे लोक आपल्याकडेही होऊन गेले. परंतु मासिक, शाळा आणि समाजकार्य या तिन्ही गोष्टी एकाच विचाराच्या तीन फांद्या आहेत असें मानून पन्नास वर्षें त्यांचा सांभाळ करणारी व्यक्ति विरळा. त्या विचाराला पुढें एक कठीण परीक्षाही द्यावी लागली. म्हणून मोतोकोबाईंचें चरित्र केवळ कौतुकाचा नव्हे, तर विचार करण्याचा विषय आहे.

मोतोकोबाईंचा जन्म ८ सप्टेंबर १८७३ रोजीं जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोंकाकडील हाचिनोहे या गांवीं झाला. घराणें सामुराई, म्हणजे संस्थानिकाच्या पदरीं असलेल्या क्षत्रियांचें. परंतु १८६८ सालीं राज्यक्रांति झाली, १८७१ सालीं संस्थानें गेलीं, आणि अशा हजारों घराण्यांची वतनें व मान हीं दोन्ही संपलीं. जुना आधार सुटलेला आणि नवा अद्याप हातीं न आलेला अशा काळांत ही मुलगी वाढली. घरांत आजोबांचा दरारा होता व नातीवर त्यांचें प्रेमही होतें. वडील मात्र ती लहान असतांनाच घरांतून कायमचे निघून गेले. आईबापांची फारकत झाली. मोडलेल्या घराचें दुःख लहान वयांत पाहिलेल्या या मुलीनें पुढें सारें आयुष्य ‘घर’ या एका शब्दाचा अर्थ शोधण्यांत घालवावें, यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं.

शाळेंत ती हुशार होती. खेळांत व हस्तकौशल्यांत मात्र मागें. १८८९ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, आजोबांबरोबर ती टोकियोस आली आणि तेथील सरकारी मुलींच्या उच्च शाळेंत दाखल झाली. पुढच्याच वर्षीं तिनें ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. शाळा संपल्यावर शिक्षिका होण्यासाठीं तिनें स्त्रियांच्या उच्च अध्यापनशाळेची प्रवेशपरीक्षा दिली. तींत तिला यश आलें नाहीं. मग तिनें ‘मेजी जोगाक्को’ या खाजगी कन्याशाळेची वाट धरली. या शाळेचे प्रमुख इवामोतो योशिहारु हे स्त्रीशिक्षणास वाहिलेल्या ‘जोगाकु झाश्शी’ या मासिकाचे संपादक होते. मुलीजवळ फीला पैसे नव्हते. तिनें धीर करून आपली अडचण इवामोतोंना कळविली, तेव्हां त्यांनीं फी माफ केली व मासिकाच्या कचेरींत कांहीं काम दिलें.

हें काम कोणतें होतें तें समजून घेण्यासारखें आहे. जपानी लिखाणांत चिनी चित्राक्षरें फार. तीं सर्वांनाच वाचतां येत नाहींत. म्हणून कठीण अक्षराच्या बाजूला त्याचा उच्चार बारीक सोप्या अक्षरांत लिहितात. विद्वानाला त्याची गरज नसते; पण अर्धशिक्षित गृहिणीला, शेतकऱ्याला, लहान मुलाला त्या बारीक अक्षरांवांचून तें पान मुकेंच राहतें. मोतोको हीं बारीक अक्षरें भरण्याचें काम करी. मोठ्या लेखकांच्या कठीण लिखाणाशेजारीं सामान्य वाचकाला वाट करून देणें, हा संपादनाचा पहिला धडा तिला असा मिळाला. आणि तो ती कधींच विसरली नाहीं.

शिक्षण अर्धें सोडून ती १८९२ सालीं गांवीं परतली आणि तिनें कांहीं वर्षें शिक्षिकेचें काम केलें. १८९५ सालीं तिचें लग्न झालें; तें सुखाचें ठरलें नाहीं आणि सुमारें सहा महिन्यांतच संपलें. पुढें स्वतःचें आत्मवृत्त लिहितांना मोतोकोबाईंनीं या प्रकरणावर फार शब्द खर्च केले नाहींत. काडीमोड झालेली बाई माहेरीं परतली तर तिला कोणत्या नजरेनें पाहतात हें कोणत्याही समाजांत सांगण्याची गरज पडत नाहीं. ती माहेरीं न जातां टोकियोस गेली. तेथें योशिओका यायोइ या डॉक्टरीणबाईंच्या घरीं तिनें मोलकरीण म्हणून नोकरी धरली. याच योशिओकाबाईंनीं पुढें १९०० सालीं स्त्रियांसाठीं वैद्यकीय शाळा काढली. घरांतील ही मोलकरीण शिकलेली आहे हें त्यांच्या ध्यानांत आलें व त्यांनीं तिला उत्तेजन दिलें. एकाच छपराखालीं मालकीण आणि मोलकरीण या दोघीही पुढें शिक्षणसंस्थांच्या संस्थापिका व्हाव्या, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे.

१८९७-९८ च्या सुमारास ‘होचि शिंबुन’ या टोकियोच्या वर्तमानपत्रांत मुद्रितें तपासण्याच्या कामासाठीं माणूस हवा होता. वर्तमानपत्राच्या कचेरींत बाईमाणसानें टेबलाशीं बसावें ही गोष्टच त्या वेळीं कोणाच्या डोक्यांत येत नसे. मोतोकोबाईंनीं परीक्षा द्यावयास मिळावी असा आग्रह धरला, आणि काम करून दाखविल्यावर त्यांना तें मिळालें. परंतु दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यांत त्यांचें समाधान होईना. समाजांतील नांवाजलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या घरचें साधें चित्र रेखाटणारी एक लेखमाला त्या पत्रांत चालत असे. सेनापति तानि यांच्या पत्नीची भेट घेऊन मोतोकोबाईंनीं स्वतःहून एक लेख लिहून दिला. तो वाचकांस आवडला, आणि मुद्रितें तपासणारी बाई वार्ताहर झाली. जपानमधील पहिली स्त्री-वार्ताहर म्हणून त्यांचेंच नांव घेतलें जातें. अनाथालयें, गरिबांची मुलें, धर्म व शिक्षण हे त्यांचे आवडीचे विषय होते.

याच कचेरींत हानी योशिकाझु या सहकाऱ्याशीं त्यांचा स्नेह जुळला. ते वयानें सात वर्षांनीं लहान. १९०१ सालीं दोघांनीं विवाह केला. एकदां मोडलेला संसार आणि वयानें धाकटा पति, या दोन्ही गोष्टी लोकांच्या तोंडीं जाण्यासारख्या होत्या. दोघांनाही त्या पत्राची नोकरी सोडावी लागली. पण या लग्नानें जपानला एक विरळ जोडी दिली. बाईंनीं लिहावें, बोलावें, लोकांपुढें उभें राहावें. आणि योशिकाझुंनीं कागद, छापखाना, वर्गणीदार, देणीं-घेणीं यांचा भार वाहावा, अशी कामांची वांटणी पन्नासाहून अधिक वर्षें टिकली. पत्नीच्या नांवामागें उभें राहण्यांत योशिकाझुंना कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट त्या काळच्या जपानांत लहान नव्हती.

३ एप्रिल १९०३ रोजीं या जोडप्यानें ‘कातेइ नो तोमो’, म्हणजे ‘घराचा मित्र’, या मासिकाचा पहिला अंक काढला. त्याच्या आदल्याच दिवशीं त्यांना पहिली मुलगी झाली. तिचें नांव सेत्सुको. मासिक आणि मूल एकदमच घरांत आलें. त्यामुळें मासिकाला विषयांची वाण कधींच पडली नाहीं. तान्ह्या मुलाला किती वेळां पाजावें, त्याला पोटाशीं बांधून हिंडावें कीं नेमल्या वेळीं निजवावें, नवऱ्याच्या मिळकतींत महिना कसा निभवावा, सासूशीं पटत नसेल तर काय करावें, स्वयंपाकघराची मांडणी कशी असावी, अशा प्रश्नांवर संपादिका स्वतःच्या घरांत करून पाहिलेली गोष्ट लिही. त्या वेळीं स्त्रियांसाठीं निघणारी बरीचशी मासिकें उपदेशाच्या पाटावर बसून बोलत. हें मासिक शेजारणीनें ओट्यावर बसून बोलावें तसें बोलूं लागलें. १९०६ सालीं त्यांची दुसरी मुलगी लहानपणींच वारली. इतर घरांना मुलांच्या संगोपनाविषयीं सांगणाऱ्या आईवर हा आघात झाला. तरी तिनें लेखणी खालीं ठेविली नाहीं.

१९०४ सालीं त्यांनीं घरच्या हिशेबाची छापील वही काढली. जपानी भाषेंत तिला ‘काकेइबो’ म्हणतात. आणि हल्लीं हा शब्द जगभरच्या पुस्तकांतून काटकसरीच्या युक्तीचें नांव म्हणून फिरतांना दिसतो. परंतु मोतोकोबाईंची वही ही पैसे वांचविण्याची युक्ति नव्हती. खर्च झाल्यावर तो मांडून ठेवणें याला त्या हिशेब मानीत नसत. प्रथम वर्षाचें अंदाजपत्रक करावें; कोणत्या खात्याला किती हें आधीं ठरवावें; मग रोजचा खर्च त्याच्याशीं ताडून पाहावा, असा त्यांचा क्रम. अन्नाच्या खर्चाचेही तींत भाग पाडलेले : तांदूळ वगैरे मुख्य धान्य निराळें, भाजी व मासळी निराळी, मसाले व चवीचे पदार्थ निराळे. पैसा नेमका कोठें वाहून जातो हें अशा वांटणीनें एका दृष्टिक्षेपांत कळे. वस्त्रें, शिक्षण, पाहुणे-रावळे यांची खातीं होतींच. आणि याशिवाय लोककार्यासाठीं द्यावयाच्या रकमेचेंही एक खातें होतें. दान हें शिल्लक उरली तर करण्याची गोष्ट न राहतां घराच्या ठरलेल्या खर्चांतच येऊन बसलें. संसार हा चार भिंतींच्या आंत संपत नाहीं, हें तत्त्व त्यांनीं व्याख्यानानें सांगण्याऐवजीं वहींत एक रकाना आंखून सांगितलें.

या वहीनें घरांत आणखी एक सूक्ष्म पालट घडवून आणला. पैसा मिळविणारा पुरुष आणि हात पसरून मागणारी बायको, या जुन्या व्यवस्थेंत बाईला खर्चाचा दोष मिळे, पण अधिकार मिळत नसे. अंदाजपत्रक मांडून बसणारी बाई नवऱ्याबरोबर विचारविनिमयाला बसूं लागली. २००४ सालीं त्या वहीला शंभर वर्षें झालीं, आणि तेव्हांही ती दर वर्षीं छापली जात होती. एवढें दीर्घायुष्य फार थोड्या ग्रंथांच्या वाट्याला येतें.

१९०८ सालीं ‘फुजिन नो तोमो’, म्हणजे ‘स्त्रियांचा मित्र’, हें मासिक निघालें आणि तेंच पुढें या दांपत्याच्या कार्याचा कणा झालें. या सुमारास जपानांत स्त्रीस्वातंत्र्याचा दुसराही एक प्रवाह होता. १९११ सालीं हिरात्सुका राइचो व त्यांच्या मैत्रिणींनीं ‘सेइतो’ हें मासिक काढून विवाहसंस्थेवरच प्रश्नचिन्ह उभें केलें. त्या तरुणींच्या मानानें मोतोकोबाई जुन्या वळणाच्या वाटतात. स्त्रीला घराबाहेर काढण्याऐवजीं घरालाच शहाणें करूं पाहणारी ही बाई, मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरांत अडकून पडली, असा आक्षेप त्यांच्यावर घेतां येतो आणि घेतलाही गेला आहे. त्याला उत्तर एकच, तें म्हणजे त्यांची शाळा.

जपानमध्यें मुलींच्या शिक्षणाचा प्रसार झपाट्यानें झाला होता. नारुसे जिन्झो यांनीं १९०१ सालीं टोकियोंत स्त्रियांचें विद्यापीठ काढलें. त्याची माहितीपुस्तिका पुण्याच्या धोंडो केशव कर्वे यांच्या हातीं पडली आणि १९१६ सालीं आपल्याकडे महिला विद्यापीठाची स्थापना होण्यास ती एक प्रेरणा झाली, हें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. परंतु मुलींच्या सरकारी उच्च शाळांतून जें शिक्षण मिळे त्याचा हेतु ‘सुशील पत्नी व शहाणी माता’ तयार करणें हा ठरलेला होता, आणि पद्धति घोकंपट्टीची होती. मोतोकोबाईंनीं स्वतः शिक्षिका म्हणून ती पाहिली होती. आपल्या मुली शाळेंत जाऊं लागल्यावर आई म्हणूनही पाहिली. वीस वर्षें मोठ्या बायकांना नवीन संवयी शिकविल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, संवय मोडण्यापेक्षां ती लहानपणींच चांगली लावणें सोपें.

१५ एप्रिल १९२१ रोजीं टोकियोच्या मेजिरो भागांत त्यांची शाळा सुरू झाली. नांव ‘जियु गाकुएन’, म्हणजे स्वातंत्र्य-विद्यालय. सत्य मनुष्याला मुक्त करतें या बायबलांतील वचनावरून तें घेतलेलें. पहिल्या दिवशीं मुली होत्या सव्वीस. शाळेची घोषणा मासिकांतूनच झाली होती. आणि सरकारी नियमांखालीं येणाऱ्या कन्याशाळांत तिची गणना नव्हती. म्हणजे सरकारी अभ्यासक्रमाचें बंधन नाहीं, पण सरकारमान्य शाळेच्या दाखल्याची प्रतिष्ठाही नाहीं. आपली मुलगी अशा शाळेंत घालणारा बाप केवळ एका मासिकावरच्या विश्वासानें ती घालीत होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या सव्वीस या आंकड्याचें मोल कळतें.

इमारत कोणाकडून बांधवावी, हा प्रश्न आला. त्या वेळीं अमेरिकेचे जगद्विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट हे टोकियोचें इंपीरियल हॉटेल बांधण्यासाठीं जपानांत होते. त्यांचे साहाय्यक एंदो अराता हे हानी दांपत्याच्या परिचयाचे. त्यांनीं भेट घडवून आणली, आणि शाळेची कल्पना ऐकून राइटनीं काम पत्करलें. शाळेजवळ पैसा बेताचा. म्हणून लांकडी सांगाडा, गिलाव्याच्या भिंती, ठेंगणीं पसरट छपरें आणि मध्यें हिरवळीचें मोकळें अंगण असा आराखडा झाला. रंगीत कांचांची महाग कलाकुसर परवडण्यासारखी नव्हती. तेव्हां लांकडाच्या साध्या पट्ट्या तिरक्या-उभ्या बसवून खिडक्यांना शोभा आणली. काटकसरीची वही लिहिणाऱ्या बाईंच्या शाळेला शोभेल असेंच हें सौंदर्य होतें. शाळा सुरू झाली तेव्हां इमारत पुरीही झालेली नव्हती. तिच्या मध्यभागीं जेवणघर होतें, आणि तें उगीच तेथें नव्हतें.

या शाळेंत नोकर नव्हते. मुलींनीं आळीपाळीनें सर्व शाळेचें दुपारचें जेवण रांधावें. सर्वांनीं एकत्र बसून ऊन ऊन जेवावें. भांडीं, केरवारे, बाग, वाचनालय, हिशेब ही सारी व्यवस्था त्यांनींच पाहावी. मुलींचे लहान लहान गट पाडून त्यांना ‘कुटुंब’ म्हणत, आणि प्रत्येक कुटुंबाची प्रमुख मुलीच निवडून देत. वरवर पाहणाऱ्याला यांत स्वयंपाक शिकविण्यापलीकडे कांहीं दिसणार नाहीं. परंतु शंभर माणसांच्या भाताला तांदूळ किती, त्याची किंमत किती, कोळसा किती जळला, आणि एका ताटाला खर्च काय पडला, हें काढतां काढतां गणितही होतें आणि जबाबदारीही कळते. भात करपला तर रागें भरण्यास मास्तरीण लागत नाहीं. शंभर उपाशी मैत्रिणींचे चेहरे पुरतात. मोतोकोबाईंच्या मतें स्वातंत्र्य म्हणजे मनाला येईल तें करणें नव्हे. स्वतःचें काम दुसऱ्यावर न टाकतां स्वतः उचलणें, ही स्वातंत्र्याची पहिली पायरी होय. विचार, जीवन आणि प्रार्थना हीं तिन्ही बरोबरच चालावीं, असें त्या शाळेचें ब्रीद आहे. चित्रकला शिकविण्यास यामामोतो कानाए यांच्यासारखा कलावंत होता. नकला काढण्याऐवजीं मुलांनीं डोळ्यांनीं पाहून स्वतः काढावें, या चळवळीचे ते जपानांतील प्रवर्तक.

शाळेला अडीच वर्षेंही झालीं नव्हतीं तोंच १ सप्टेंबर १९२३ रोजीं टोकियोवर भूकंप कोसळला. भूकंपामागून आगी लागल्या आणि एक लाखाहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. राइट यांची ती शाळा उभी राहिली. ज्या मुली सर्व शाळेला जेऊं घालण्यास शिकल्या होत्या त्या आतां शहराच्या होरपळलेल्या वस्त्यांत लहान मुलांना दूध वांटूं लागल्या, बेघरांसाठीं गाद्या शिवूं लागल्या. वर्गांत केलेल्या आंकडेमोडीचा खरा उपयोग आतां झाला. शाळा ही स्वतःच एक समाज आहे आणि तिनें भोंवतालच्या समाजावर परिणाम केला पाहिजे, हा विचार मोतोकोबाईंनीं पुढें १९३२ सालीं फ्रान्समधील नीस येथें भरलेल्या नवशिक्षणाच्या जागतिक परिषदेंत मांडला. तो नुसता पुस्तकी नव्हता, हें उघड आहे.

शाळा वाढली, जागा अपुरी पडूं लागली. १९२५ सालीं त्यांनीं शहराबाहेर मिनामिसावा येथें मोठी जमीन घेतली. एवढी रक्कम कोठून आणावयाची? देणग्यांची झोळी फिरविण्याऐवजीं त्या जमिनीचे तुकडे पाडून ते मासिकाच्या वाचकांस व पालकांस घरें बांधण्यासाठीं विकले, आणि उरलेली जमीन शाळेस राहिली. शाळेला जागा मिळाली, पालकांना शेजार मिळाला, आणि शाळेभोंवतीं एक लहानसें उपनगर वसलें. १९२७ सालीं प्राथमिक शाळा, १९३४ सालीं या नव्या जागेंत स्थलांतर, १९३५ सालीं मुलग्यांची शाळा, अशी वाढ होत गेली. हल्लीं ज्याला सामाजिक उद्योजकता असें भारदस्त नांव देतात, ती गोष्ट या दांपत्यानें नांव न देतां शंभर वर्षांपूर्वीं करून दाखविली. १९३२ सालीं काढलेल्या त्यांच्या हस्तकला-संस्थेची हकीकतही अशीच. दोन विद्यार्थिनींना यूरोपांत पाठविलें. त्यांनीं बर्लिन येथील योहान्नेस इटेन यांच्या कलाशाळेंत शिक्षण घेतलें. आणि परत आल्यावर खेळणीं, कापड व घरगुती वस्तु तयार करण्याचा उद्योग सुरू केला.

मासिकाच्या वाचकांनीं गांवोगांव मंडळें स्थापन केलीं होतीं. १९३० सालीं त्या सर्वांचा ‘तोमो नो काइ’, म्हणजे मित्रसंघ, बनला. हा संघ गृहव्यवस्थेचीं प्रदर्शनें भरवी व हिशेबाच्या वहीचे वर्ग चालवी. १९३४ सालीं जपानच्या ईशान्य भागांत थंडीनें भाताचें पीक बुडालें. कर्जापायीं शेतकरी पोटच्या मुली शहरांत विकूं लागले. तो मोतोकोबाईंचा स्वतःचा मुलूख. १९३५ पासून मित्रसंघानें त्या भागांत खेडोपाडीं केंद्रें काढलीं आणि शिवण, विणकाम, स्वयंपाक, मुलांची निगा व जमाखर्च हें शिक्षण शेतकऱ्यांच्या बायकामुलींना दिलें. शहरच्या सुखवस्तु बायांनीं खेड्यांतल्या भुकेल्या बायांना काटकसर शिकवावी, यांत कांहीं विसंगति आहे, हें मान्य केलें पाहिजे. कारण तेथील दारिद्र्य उधळपट्टीनें आलेलें नव्हतें. परंतु हातांत कसब आल्यानें मुलीला विकण्यावांचून दुसरा मार्ग दिसूं लागतो, हेंही तितकेंच खरें.

आतां त्या कठीण परीक्षेकडे वळलें पाहिजे. १९३७ सालीं जपाननें चीनशीं युद्ध मांडलें. सरकारला युद्धासाठीं पैसा हवा होता, आणि तो प्रत्येक घराच्या बचतींतून काढावयाचा होता. घरोघरच्या बायकांना बचत शिकविण्याचें काम तीस वर्षें कोण करीत होतें, हें सरकारला शोधावें लागलें नाहीं. मोतोकोबाई सरकारी समित्यांवर गेल्या. त्यांच्या मासिकानें व मित्रसंघानें बचतीच्या मोहिमेला हातभार लावला. १९३८ सालीं जपानी सैन्यानें व्यापिलेल्या पेकिंग शहरांत त्यांनीं गरीब चिनी मुलींसाठीं एक शाळा काढली. हेतु सेवेचा होता. पण जिंकणाऱ्याच्या छत्राखालीं चालणारी सेवा जिंकलेल्याला कशी दिसते, याचा विचार त्या हेतूनें टळत नाहीं. दुसऱ्या बाजूनें पाहावें तों ‘स्वातंत्र्य’ हा शब्द शाळेच्या नांवांतून काढून टाका म्हणून अधिकाऱ्यांचा दाब येत असतांना याच बाईंनीं तो शब्द काढला नाहीं. आणि त्यांच्याच घरांत, थोरली मुलगी सेत्सुको हिचे पति, इतिहासकार हानी गोरो, हे आपल्या मतांसाठीं दोनदां पकडले गेले. दुसऱ्या वेळीं १९४५ सालीं. एकाच कुटुंबांत सरकारच्या समितीवरील सासू आणि सरकारच्या तुरुंगांतील जांवई.

या विरोधाचा उलगडा कसा करावा? मोतोकोबाई लोभी नव्हत्या, भित्र्याही नव्हत्या. त्यांनीं घराला शिस्त लावली. परंतु ती शिस्त कोणाच्या कामीं येणार, हा प्रश्न वहीच्या रकान्यांत बसणारा नव्हता. काटकसर, उद्योग, स्वावलंबन हे गुण स्वतः निर्मळ आहेत. तथापि ते कोणत्याही धन्याच्या गाड्याला जुंपतां येतात. शिक्षकानें मुलाला काम कसें करावें हें शिकविलें म्हणजे अर्धेंच शिक्षण झालें. कोणतें काम करूं नये हें शिकविणें हा उरलेला अर्धा भाग होय, आणि तोच अधिक अवघड. मोतोकोबाईंनीं शाळेच्या पाटीवरचा शब्द राखला. त्या शब्दाचा पुरा अर्थ मात्र युद्धकाळांत त्यांच्या हातून राखला गेला नाहीं, असें कष्टानें म्हणावें लागतें. न्याय करणाऱ्यानें एवढेंही लक्षांत ठेवावें कीं, पाटी राहिली म्हणूनच पुढच्या पिढीला तो अर्थ पुन्हां शोधतां आला. सेत्सुकोबाईंनीं १९४६ सालीं लोकशाहीवादी स्त्रियांच्या संघटनेच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. गोरो १९४७ सालीं जपानच्या वरिष्ठ सभागृहावर निवडून आले.

युद्धानंतर मोतोकोबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. मासिक चालू राहिलें, वही चालू राहिली, शाळेला महाविद्यालयीन विभाग जोडले गेले. १९५५ सालीं योशिकाझु वारले. ७ एप्रिल १९५७ रोजीं, वयाच्या त्र्यायशींव्या वर्षीं, मोतोकोबाईंनीं देह ठेविला. शाळेचा कारभार धाकटी मुलगी केइको हिच्याकडे आला. मेजिरोची ती जुनी इमारत १९९७ सालीं राष्ट्रीय ठेवा म्हणून सरकारनें संरक्षित केली. तिला ‘म्योनिचिकान’ म्हणजे ‘उद्यांचें घर’ म्हणतात. आणि ती वस्तुसंग्रहालयासारखी कुलुपांत न ठेवतां सभा-समारंभांसाठीं वापरांत ठेवली आहे. वापरल्यानें घर टिकतें, हें मत तिच्या मालकिणीला खासच पटलें असतें.

लहानपणीं जिचें घर मोडलें, तरुणपणीं जिचा संसार मोडला, जिनें दुसऱ्याच्या घरीं भांडीं घांसलीं, तिनें लाखों घरांना घर कसें चालवावें हें शिकविलें. कठीण अक्षराशेजारीं सोपें अक्षर लिहून सामान्य वाचकाला वाट दाखवावी, हें विद्यार्थीदशेंतील काम त्या जन्मभर करीत राहिल्या : मासिकांत तें लेखणीनें केलें, वहींत आंकड्यांनीं, शाळेंत भाताच्या पातेल्यानें. त्यांची वही आज आपल्या घरीं आणली पाहिजे असें नाहीं. आपल्या आज्या-पणज्यांच्या वह्या कांहीं कमी काटेकोर नव्हत्या. परंतु नव्या महिन्याचें पान उघडतांना, तेल-तांदुळांच्या खालीं, लोकांसाठीं म्हणून एक रकाना आंखावयास हरकत नाहीं. आणि तो आंखतांना, ही रक्कम कोणत्या कामीं जाणार आहे, हाही प्रश्न त्याच्या कडेला बारीक अक्षरांत लिहून ठेवावा.